ओवीच्या डोक्यावरची शपथ

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा मित्रासाठी येतो. "ताई, माझा एक मित्र आहे, त्याला जरा पचिंकोचा नाद लागलाय," असं म्हणत तो खुर्चीच्या कडेवर टेकतो. मग मी मित्राची चौकशी करते. मित्र झोपतो का, जेवतो का, बायकोशी धड बोलतो का. मित्राचं सगळं या माणसाला तोंडपाठ असतं, अगदी मित्राला कसली स्वप्नं पडतात तेसुद्धा. 'मित्र म्हणजे तुम्हीच ना' असं मी कधी विचारत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलता बोलता 'तो'चा 'मी' होतो. तो शब्द कानावर आला की मी चहा करायला उठते. समोरच्याला तेवढा वेळ आपल्याकडे कुणी बघू नये असं वाटत असतं.

आमचं सल्ला केंद्र जपानमध्ये, टोकियोजवळच्या कावासाकीला एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, एक गॅसची शेगडी आणि खालून सतत येणारा वाफेचा वास. जुगारात अडकलेली माणसं आणि त्यांच्या घरचे इथे येतात. मी आधी दुभाषी म्हणून आले, पुढे शिकून सल्लागार झाले. गावाकडे मात्र अजूनही मी 'समाजसेवेचं काम करते' एवढंच सांगते. दिवसभर लोकांना 'लाज बाळगू नका' म्हणणाऱ्या बाईने स्वतःच्या कामाचं नाव घ्यायला लाजावं, हे काही भूषणावह नाही. पण या लेखात लाजण्यासारखं एवढंच असतं तर मी तो लिहायला घेतला नसता.

मी मूळची बार्शीची. वडील बाजार समितीत हमाल, आईला सही येत नव्हती. नगरपालिकेची शाळा, मग पुण्यात वसतिगृह. तिथल्या एका बाईंनी माझी फी कुणाकुणाकडून गोळा करून भरली आणि 'जपानी शीक, पोटापाण्याला लागशील' असं सांगितलं. आमच्या घरात पदवीचा कागद माझाच पहिला. वडिलांनी तो काच लावून भिंतीवर ठोकला आणि आलेल्या पाहुण्यांना बरोबर त्याच्यासमोर बसवायला सुरुवात केली. लग्नानंतर मी जपानला, टोकियोशेजारच्या उरायासुला आले. या देशाने आणि त्या बाईंनी मला जे दिलं त्याची फेड आपल्या माणसांच्या उपयोगी पडून करायची, असं मनात होतं. माझा हेतू चांगला होता, एवढं आधी नोंदवते. पुढे त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

केंद्र चालवतात त्या कुरोदा-सान. साठी ओलांडलेल्या, पूर्वी इस्पितळात नर्स होत्या. बोलणं तुटक, खिशात कायम आल्याच्या गोळ्या. दुभाष्याचं काम त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. "'ते म्हणतात की' असं म्हणायचं नाही. माणूस 'मी' म्हणाला की तुम्हीही 'मी' म्हणायचं. वाढवायचं नाही, गाळायचं नाही, गोड करायचं नाही."

ऐकायला सोपं वाटतं. त्याच संध्याकाळी गोल मांडलेल्या खुर्च्यांवर जपानी माणसांमध्ये एक नाशिकचा गृहस्थ बसला होता. तो मान खाली घालून मराठीत बोलला आणि मी जपानीत मोठ्याने म्हणाले, "काल मी बायकोशी खोटं बोललो. मुलीच्या वाढदिवसाला ऑफिसात अडकलो असं सांगून मी पचिंकोत बसलो होतो." माझे कान तापले. घरी जाताना टोकियोतल्या ओजिमाच्या भारतीय दुकानात कोथिंबीर घेतली, तेव्हा दुकानदार आपल्याकडे बघतोय असं उगाच वाटत राहिलं. दुसऱ्याची लाज स्वतःच्या तोंडाने उच्चारायची, हेच या धंद्याचं अर्धं काम.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी पचिंको म्हणजे काय ते सांगते. उभ्या काचेच्या पेटीत खिळेच खिळे ठोकलेले असतात. खाली एक मूठ असते. ती फिरवली की बारीक पोलादी गोळ्या वर उडतात आणि खिळ्यांवर आपटत खाली येतात. ठरावीक भोकात पडल्या तर आणखी गोळ्या मिळतात. गोळ्यांच्या बदल्यात वस्तू मिळते आणि बाहेरच्या एका छोट्या खिडकीत ती वस्तू देऊन पैसे. अशा शेकडो पेट्या एका हॉलमध्ये एकदम चालतात. आवाज असा की स्वतःचा विचार ऐकू येत नाही. आणि आमच्या लोकांना नेमकं तेच हवं असतं. पुण्याचा इंजिनिअर दिवसभर ऑफिसात जपून जपून वागतो. वाकून नमस्कार कमी पडला का, मेल उद्धट झाली का, सगळे हसले ते कशाला हसले. त्या पेटीसमोर भाषा लागत नाही. कुणी काही विचारत नाही. चुकलं तर कुणी 'हरकत नाही' म्हणून आणखी लाजवत नाही.

आपली माणसं केंद्रात यावीत म्हणून मी बऱ्याच गोष्टी बदलल्या. पत्रकावरचा 'जुगार' शब्द काढून 'घरातली काळजी, मराठीत-हिंदीत बोला' असं लिहिलं. दोन मराठी माणसांना एका वेळी कधी बोलावलं नाही, कारण इथे सगळे एकाच इमारतीत राहतात आणि एकाच गणपतीला येतात. बायकांशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बोलायला लागले. एकदा तर नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजीच माझ्याकडे आल्या. मॉलमधल्या लहान मुलांच्या खेळांच्या दालनात नाणी ढकलायचं यंत्र असतं, त्याची त्यांना चटक लागली होती. "नातू कंटाळतो गं," त्या म्हणाल्या, "पण मी त्याला म्हणते, थांब रे जरा, आता पडायलाच आलंय." आजी परत गेल्या आणि बऱ्या झाल्या. मी मात्र खूश. मला वाटायला लागलं, कुरोदा-सानांना जपानी माणूस कळतो, आपला माणूस मलाच कळतो.

अशा खुशीत असताना मंदार आला. ही नावं मी बदलली आहेत. पण हा मजकूर मंदारने, त्याच्या बायकोने आणि मुलीने वाचला आहे आणि छापायला परवानगी दिली आहे. मुलीला तो मी वाचून दाखवला.

मंदार चिंचवडचा. ओजिमाच्या सरकारी इमारतीत भाड्याने राहायचा, नोकरी कावासाकीला, बायको स्नेहल, मुलगी ओवी दुसरीत. माणूस हसरा होता. मित्राची गोष्ट त्याने एका भेटीतच गुंडाळली. म्हणाला, "ताई, पुण्यात मी रांगेत उभा राहायचं म्हटलं तर भांडतो. इथे सुटीच्या दिवशी पचिंको उघडायच्या आधी रांगेत शहाण्यासारखा उभा असतो. जपानने माझ्यावर केलेला हा एकमेव संस्कार."

कुरोदा-सानांची पद्धत अशी की आयुष्यभराचं वचन मागायचंच नाही. आजचा दिवस जायचं नाही, एवढंच. आणि एक नियम त्या प्रत्येकाला सांगायच्या: "पडलात तर दुसऱ्या दिवशी इथे या. बाकी काही करू नका." मंदारने उन्हाळाभर चांगला धीर धरला.

मंदारकडे दीड दिवसाचा गणपती असतो. मी मोदक वळायला गेले होते. स्नेहल कळ्या पाडता पाडता म्हणाली, "ताई, कुरोदा-सान चांगल्या आहेत हो. पण हे कसलं औषध? 'पडलात तर या.' म्हणजे पडायची परवानगीच दिल्यासारखी नाही का?"

मला ते मनापासून पटलं. तिथेच मी तिला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील तंबाखू खायचे. मी पाचवीत असताना आईने त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आणि त्यांनी पुन्हा तंबाखूला हात लावला नाही. हमाली करणारा माणूस, पण लेकीच्या डोक्यावरच्या शपथेपुढे हरला. शाळेत निबंधात मी ते लिहिलं होतं. वसतिगृहात रडू यायचं तेव्हा 'माझ्या बापाने माझ्यासाठी तंबाखू सोडली' हे आठवून मी पुस्तक उघडायचे.

स्नेहलचे हात थांबले. "मग यालाही घ्यायला लावू या?"

"लावू या," मी म्हणाले. "आपल्याकडे हेच चालतं."

मंदारला बोलावलं. ऐकल्यावर तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "ताई, एकदम सुप्रीम कोर्टातच का? खाली काही तालुक्याचं कोर्ट नाही?"

"मनात पक्कं असेल तर घाबरायचं कशाला?" मी म्हणाले.

ओवी आरतीसाठी परकर-पोलकं घालून नाचत होती. तिला गणपतीसमोर उभं केलं. मंदारने उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. ती खांदे उडवून खुदकन हसली आणि "कुसुगुत्ताई!" म्हणाली, म्हणजे गुदगुल्या होतात. ती घरात मराठी ऐकते आणि उत्तर जपानीत देते, इथली बहुतेक मुलं तसंच करतात.

"हलू नकोस बाळा," मी म्हणाले. "बाबा काय म्हणतात ते ऐक."

ती हलायची थांबली. मंदारने शपथ घेतली. स्नेहलने डोळे पुसले. मलाही भरून आलं. आपल्या रीतीत केवढी ताकद असते, असं मनात आलं आणि मी दोन मोदक जास्त खाल्ले.

पुढे टोकियोला आमच्यासारखं काम करणाऱ्यांची एक सभा झाली. परदेशी लोकांबरोबर काम कसं करावं यावर मला बोलायला सांगितलं होतं. नाव न घेता मी ही गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. कुरोदा-सानांनीही वाजवल्या. परतीच्या ट्रेनमध्ये मात्र त्यांनी विचारलं, "आणि ते पडले तर?"

"नाही पडणार. मुलीच्या डोक्यावर हात आहे."

त्यांनी आल्याची गोळी पुढे केली आणि स्वतः एक तोंडात टाकली.

थंडी सुरू झाल्यावर मंदारचं येणं बंद झालं. मेसेजला उत्तर यायचं, 'कामाचा लोड आहे ताई, सगळं ठीक.' मी समजून घेतलं. म्हणजे मला समजून घ्यायचं होतं. माझी गोष्ट आता सभांमधून सांगितली जात होती, ती बिघडलेली मला नको होती.

फेब्रुवारीत स्नेहल केंद्रात आली. कोट न काढता बसली.

"ताई, तो ओवीला हात लावत नाही."

मला आधी नीट कळलं नाही. ती सांगत गेली तसं कळलं. ऑफिसात कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही असं समजलं, त्या दुपारी मंदार पचिंकोत गेला. एकदाच. घरी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात ओवीच्या पोटात कळा आल्या. अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन झालं. पोर चार दिवसांत उठून बसली. पण इस्पितळात मंदार खोलीच्या दारातच उभा राहायचा, आत यायचा नाही. आणि मग रोज पचिंकोत जायला लागला.

"मी सकाळी पार्ट-टाइम कामाला लवकर जाते ना," स्नेहल म्हणाली, "ओवीच्या वेण्या रोज तोच घालायचा. यूट्यूबवर बघून शिकला होता. आता पोरगी नुसता बँड लावून शाळेत जाते. परवा मला म्हणाली, मी आजारी पडले म्हणून बाबा रागावला का? तो म्हणतो, तुम्ही दोघी चिंचवडला जा, माझी सावली नको तिच्यावर. मार्चअखेरची तिकिटं काढलीयत, ताई. दोनच."

तिचा आवाज चढला. "तुम्ही म्हणालात आपल्याकडे हेच चालतं. मीच म्हणाले लावू या. मला तुम्हाला बोल लावायचा नाहीये. पण आता काय करायचं ते पण तुम्हीच सांगा."

या वेळी मी चहा करायला उठले ते तिच्यासाठी नव्हे.

मंदारला मी ओजिमाजवळ नदीकाठी भेटले. तो वाळला होता. बाकड्यावर आमच्या मधे त्याने ऑफिसची बॅग ठेवली.

"एकदा पडल्यावर दुसऱ्या दिवशी का नाही आलास?" मी विचारलं.

"कुरोदा-सानांकडे आलो असतो," तो म्हणाला. "त्यांना काही शब्द दिला नव्हता. पण तिथे तुम्ही बसता. तुम्ही साक्षीला होतात, ताई. तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ?"

अपेंडिक्सचा शपथेशी काही संबंध नसतो, असं मी बोलायला लागले. त्याने मला मधेच थांबवलं.

"मला माहितीये. इंजिनिअर आहे मी. रात्रंदिवस स्वतःला तेच सांगतो. पण तिची वेणी घालायला गेलो की हात उचलत नाही." मग म्हणाला, "पचिंकोत हात बरोबर चालतो. तिथे कुणाचं डोकं नसतं ना."

लोकांनी केंद्राची पायरी चढायला लाजू नये, यासाठी मी इतकी वर्षं खपले. आणि या एका माणसाला पायरी चढता येऊ नये अशी लाज मीच त्याच्या मानेवर ठेवली होती. तीही त्याच्या मुलीच्या डोक्यावरून.

दुसऱ्या दिवशी कुरोदा-सानांना मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे शपथ परत कुठे नेऊन देतात?"

मला प्रश्न कळला नाही.

"आमच्याकडे देवळातून ताईत आणतात," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं की तो देवळात परत नेऊन द्यायचा. कचऱ्यात टाकता येत नाही, कायमचा घरात ठेवायचाही नसतो. परत द्यायची जागा ठरलेली असते. लोक एवढ्या शपथा घेतात, तर तुमच्याकडेही काहीतरी असेलच."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. सभांमधून 'आमच्या संस्कृतीत' म्हणून बोलणारी मी.

घरी येऊन बार्शीला फोन लावला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई आता भावाकडे असते, तिला व्हिडिओवर माझा चेहरा बघायचा असतो आणि स्वतःचं फक्त कपाळ दाखवायचं असतं. तिला मी पहिल्यांदाच माझं काम काय ते सांगितलं. मग मंदारचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "बापूंनी माझ्या शपथेवर तंबाखू सोडली होती, म्हणून मला वाटलं गं."

आई हसायला लागली. कपाळ हलताना दिसत होतं.

"आगं, त्यो कुठला सोडतुय! चार दिस दम धरला, मग बाजारात गेला की खायचाच. चूळ भरून घरला यायचा. वास काय लपतो व्हय?"

मी विचारलं, "तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला सांगू? तू त्याच्या जोरावर शाळंत चालली होतीस. आन् म्या बी रातभर जागी होते पहिल्यांदा वास आला तवा. पोरीच्या डोक्यावरची शपथ मोडली म्हून. सकाळी तुला उठवलं, म्हनलं, सुटली म्हन. तू झोपेतच म्हनलीस, सुटली. आन् पळालीस दात घासायला. झालं."

मला ते अजिबात आठवत नाही.

पण 'सुटली म्हण' आठवलं. ते कुणाला आठवणार नाही? लहानपणी कुणी 'तुला माझी शपथ' म्हटलं की आपण त्याच्या मागे लागायचो, सुटली म्हण, आधी सुटली म्हण. ज्याची शपथ असेल त्याने 'सुटली' म्हटलं की मोकळे व्हायचो आणि पुन्हा खेळायला लागायचो. शपथ घालायची रीत आणि ती परत घ्यायची रीत, दोन्ही आपल्या लोकांनी एकत्रच करून ठेवल्या होत्या. माझ्या अडाणी आईला दोन्ही ठाऊक होत्या. मी परदेशात येताना त्यातली धाक घालणारी तेवढी बरोबर आणली आणि तिलाच संस्कृती म्हणत राहिले.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मंदार त्यानंतर कधीच पडला नाही असं नाही. पुढच्या पावसाळ्यात एकदा पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधी लाँड्रीच्या दारात उभा होता. "रांगेत पहिला नंबर माझा," असं म्हणाला. त्याला दुसरीकडे काम मिळालं. ती दोन तिकिटं रद्द झाली. मी त्या सभांमध्ये पुन्हा गेले आणि पहिल्या गोष्टीचं हे उरलेलं अंग सांगितलं. तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत.

तर मंदार-स्नेहलला मी आईची गोष्ट फोनवर सांगितली आणि मार्चमधल्या एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. कुरोदा-सान येणार नव्हत्या. "हे तुमच्या घरातलं आहे," म्हणाल्या. निघताना मला त्यांनी एवढंच बजावलं, की मुलीला आधी खरं सांगा, मग काय ते करा.

गणपतीच्या कोनाड्यात आता ओवीच्या शाळेची पिशवी होती. एका कोपऱ्यात बॅगा उघड्या पडल्या होत्या. ओवी जमिनीवर बसून चित्राला रंग देत होती. मंदार तिच्यासमोर मांडी घालून बसला. जरा लांबच.

"ओवी," तो म्हणाला, "गणपतीत बाबाने तुझ्या डोक्यावर हात ठेवून काय म्हटलं होतं, आठवतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. खडू हातातच होता.

"ते मी मोडलं. मी परत तिकडे गेलो. आणि मग तुझ्या पोटात दुखलं. ते त्यामुळे नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, ते कुणालाही होतं. पण बाबाला भीती वाटली की आपल्यामुळेच झालं. म्हणून बाबा तुझ्यापासून लांब राहिला. तुझ्यावर रागावला नव्हता."

ओवीने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"तू सुटली म्हण," मंदार म्हणाला. पुन्हा म्हणाला, "बाबाची शपथ सुटली म्हण."

हे तिला शिकवावं लागलं नाही. सुटीत चिंचवडच्या भावंडांकडून ते तिने उचललेलं होतं. ती लगेच, स्वच्छ मराठीत म्हणाली, "सुटली."

आणि खडू खाली ठेवून सरकत सरकत बापासमोर पाठ करून बसली. केसांचा बँड काढून त्याच्या हातात दिला.

मंदारचा हात उचलला गेला, पण मधेच थांबला. कितीतरी वेळ तसाच होता असं मला वाटलं. मग तिच्या डोक्यावर टेकला. ओवीने खांदे उडवले. "कुसुगुत्ताई," ती म्हणाली. या वेळी तिला कुणी हलू नकोस म्हटलं नाही. मंदार एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने पेड वेगळे करत होता आणि भांग वाकडा पडत होता. स्नेहल बॅगांकडे तोंड करून उभी होती.

वेणी निम्मी झाली असेल. ओवी मान न वळवता एकदम जपानीत काहीतरी बोलली. भरभर, एका दमात. मंदारचं ऑफिस इंग्रजीत चालतं आणि स्नेहलला दुकानापुरतंच जपानी येतं. दोघांनाही ते पकडता आलं नाही.

"काय म्हणाली?" मंदारने विचारलं. ओवीला नाही, मला. मी दुभाषी म्हणून.

मला ते ऐकताक्षणी कळलं होतं. 'काही नाही, वेणी नीट घाल म्हणतेय' असं सांगता आलं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. ओवी मात्र गप्प बसून ऐकत होती, आणि मराठी तिला सगळं समजतं.

वाढवायचं नाही, गाळायचं नाही, गोड करायचं नाही. माणूस 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं.

"डोकं माझं होतं," मी म्हणाले. "हात ठेवायच्या आधी मला कुणी का विचारलं नाही?"